इंग्रजी शब्द येतो म्हणजे काय? जालन्याच्या अंगाने एक आढावा

इंग्रजी शब्द 'येणे' याचे शाळेतले माप ठरलेले आहे. फळ्यावर डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, मध्ये बरोबरचे चिन्ह. विद्यार्थी ते वहीत उतरवतो, घरी पाठ करतो आणि दुसऱ्या दिवशी विचारल्यावर सांगतो. या मापाने शे-दोनशे शब्द येणारा विद्यार्थी इंग्रजीत अर्जाच्या चार ओळी लिहायला बसला की मात्र अडतो. शब्द आठवतो, पण तो वाक्यात कुठे आणि कोणाशेजारी बसवायचा हे कळत नाही. अर्थ ठाऊक असणे आणि शब्द वापरता येणे यांतले हे अंतर इंग्रजी शिकणाऱ्या सगळ्याच प्रदेशांत दिसते. जालना जिल्ह्यात त्याला एक वेगळी बाजू आहे. बियाणे, पोलाद, मोसंबी आणि ऊस यांच्या व्यवहारामुळे इथल्या मुलांच्या कानावर कितीतरी इंग्रजी शब्द शाळेच्या आधीच पडलेले असतात.

शब्दज्ञानाचे तीन भाग

न्यूझीलंडचे भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांनी शब्दज्ञानाची मांडणी रूप, अर्थ आणि वापर अशा तीन भागांत केली. रूपात उच्चार, स्पेलिंग आणि शब्दाची घडण येते. अर्थात शब्दाने सुचणारी वस्तू किंवा कल्पना आणि तिच्या आसपासचे इतर शब्द येतात. वापरात व्याकरणातली जागा, सोबतचे शब्द आणि शब्द कुठे शोभतो, कुठे शोभत नाही याचे भान येते. या प्रत्येक भागाच्या दोन पायऱ्या आहेत. ऐकल्या-वाचल्यावर शब्द ओळखणे ही पहिली आणि बोलता-लिहिताना तो स्वतः काढणे ही दुसरी. फळ्यावरचे बरोबरचे चिन्ह यातला एकच भाग, तोही पहिल्याच पायरीपर्यंत, पोहोचवते.

वापराच्या भागात सोबतच्या शब्दांना फार महत्त्व आहे. शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून पटते, हा विचार इंग्रज भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ मध्ये मांडला. हेच फर्थ १९१९ ते १९२८ या काळात लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. मराठी माणसाला हा विचार पटवून द्यावा लागत नाही. त्याचा पुरावा त्याच्या रोजच्या बोलण्यात आहे.

'उतारा' आणि 'यील्ड'

'उतारा' हा शब्द जालन्यातल्या कोणत्याही खेड्यातल्या दहा वर्षांच्या मुलाला येतो. सातबाराचा उतारा तलाठ्याकडून मिळतो. पुस्तकातला उतारा वाचून खालील प्रश्नांची उत्तरे द्यायची असतात. कपाशीचा एकरी उतारा यंदा किती पडला यावर घरात बोलणे होते. विषावर उतारा असतो आणि कारखान्यात उसाचा साखर उतारा काढतात. पाच ठिकाणी पाच अर्थ, पण मुलाचा कधी गोंधळ होत नाही. त्याने या अर्थांची यादी पाठ केलेली नसते. 'एकरी' म्हटले की एक उतारा, 'सातबारा' म्हटले की दुसरा, हे त्याला शेजारच्या शब्दावरून कळते. इंग्रजीत मात्र या पाच उताऱ्यांसाठी पाच निरनिराळे शब्द लागतात: एक्स्ट्रॅक्ट, पॅसेज, यील्ड, अँटिडोट आणि रिकव्हरी.

यातला 'यील्ड' जवळून पाहण्यासारखा आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा मूळ अर्थ 'चुकते करणे, देणे' असा होता. पुढच्या सगळ्या छटा त्या देण्यातून निघाल्या. जमीन पीक देते, म्हणून यील्ड म्हणजे उतारा. रोखे परतावा देतात, म्हणून गुंतवणुकीच्या भाषेत यील्ड म्हणजे परताव्याचा दर. हरणारा किल्ला देतो, म्हणून यील्ड म्हणजे शरण जाणे किंवा नमते घेणे. अमेरिकेत चौकातल्या पाटीवर हाच शब्द 'आधी दुसऱ्याला जाऊ द्या' असे सांगतो. भारतातल्या पाटीवर त्या जागी 'गिव्ह वे' असते. धागा हाती लागला की चार अर्थ चार वेळा पाठ करावे लागत नाहीत.

पुढचा भाग वापराचा. यील्ड नाम म्हणूनही येतो आणि क्रियापद म्हणूनही. नाम असताना त्याच्याआधी 'हाय' आणि 'लो' बसतात. 'मच यील्ड' किंवा 'मेनी यील्ड' असे म्हणत नाहीत. उतारा वाढतो तेव्हा यील्ड 'इन्क्रीज' होतो आणि हेक्टरमागे सांगायचा तर 'पर हेक्टर' जोडतात. नमते घेण्याच्या अर्थी क्रियापदापुढे 'टू' लागते: दबावापुढे नमणे म्हणजे 'यील्ड टू प्रेशर'. पीक देण्याच्या अर्थी ते 'टू' येत नाही, तिथे क्रियापदापुढे थेट कर्म येते: शेत बारा क्विंटल 'यील्ड' करते. त्यातूनच हरितक्रांतीच्या काळातला 'हाय यील्डिंग व्हरायटी' हा शब्दप्रयोग आला. त्याचे मराठी 'अधिक उत्पादन देणारे वाण'. 'यील्ड बरोबर उत्पादन' एवढेच लिहून घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती यातले काही लागत नाही.

मराठीतही या भागात सांभाळून पाऊल टाकावे लागते. 'कृषी उत्पन्न बाजार समिती' या नावात उत्पन्न म्हणजे शेतमाल. इंग्रजी नावात तिथे 'प्रोड्यूस' आहे. तहसील कार्यालयातल्या 'उत्पन्नाच्या दाखल्यात' मात्र उत्पन्न म्हणजे 'इन्कम'. उत्पन्न म्हणजे इन्कम एवढेच पाठ असलेला विद्यार्थी समितीच्या नावाचे भाषांतर चुकवणारच.

बाजारातले आणि शेतातले शब्द

जालना बियाण्यांसाठी देशभर ओळखले जाते. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. जिल्ह्यात बदनापूरला कृषी संशोधन केंद्र आहे. तिथल्या तुरीच्या वाणांच्या नावातली 'बीडीएन' ही अक्षरे बदनापूरचीच. या परिसरात 'व्हरायटी' म्हणजे वाण आणि 'हायब्रिड' म्हणजे संकरित वाण. शाळेच्या पुस्तकात 'व्हरायटी' विविधता या अर्थाने भेटते. घरी एक अर्थ, शाळेत दुसरा. शिक्षकाने दोन्ही शेजारी ठेवून दाखवले तर विद्यार्थी एका शब्दाच्या दोन बाजू एका तासात शिकतो.

बियाण्याच्या पिशवीवरची खूणचिठ्ठी हा असाच तयार धडा आहे. पैदासकार बियाण्याची चिठ्ठी सोनेरी पिवळी, पायाभूत बियाण्याची पांढरी आणि प्रमाणित बियाण्याची निळी असते. सत्यदर्शक बियाण्याला हिरवट लेबल लागते. या चार मराठी नावांमागे ब्रीडर, फाउंडेशन, सर्टिफाइड आणि ट्रूथफुल हे इंग्रजी शब्द आहेत. चिठ्ठीवरचे 'जर्मिनेशन' म्हणजे उगवण, 'प्युरिटी' म्हणजे शुद्धता, 'लॉट' म्हणजे एका वेळी तयार झालेला साठा. प्रत्येक शब्दाजवळ आकडा किंवा तारीख असल्याने अर्थ डोळ्यांसमोर उभा राहतो. 'फाउंडेशन'चा पाया इमारतीचाही असतो आणि बियाण्याचाही, हे या चिठ्ठीवरून जेवढे पटते तेवढे शब्दांच्या यादीवरून पटत नाही.

मोसंबीचे उदाहरण नाव आणि वस्तू यांतल्या गफलतीचे आहे. रसाच्या गाड्यांवर आणि अनेक पुस्तकांत मोसंबीला 'स्वीट लाइम' म्हणतात. वनस्पतिशास्त्रात स्वीट लाइम हे निराळे फळ आहे. मोसंबी ही संत्र्याच्या गोड जातींतली, म्हणजे 'स्वीट ऑरेंज'. जालन्याच्या मोसंबीला मिळालेले भौगोलिक मानांकनही याच नावाने आहे. रूढ शब्द आणि नेमका शब्द वेगळे असू शकतात, हे शिकवायला जिल्ह्याबाहेर जायला नको.

'रिकव्हरी' या शब्दाला तीन घरे आहेत. दवाखान्यात तो आजारातून सावरण्याला लावतात, बँकेत थकबाकीच्या वसुलीला आणि साखर कारखान्यात साखर उताऱ्याला. एक टन उसापासून शंभर किलो साखर निघाली तर रिकव्हरी दहा टक्के. तिन्ही ठिकाणी मूळ भाव एकच आहे: जे गेले किंवा अडकले होते ते परत हाती येणे.

जिल्ह्यातली इंग्रजीची वाट

मुंबई-पुण्याकडे इंग्रजी शिक्षण एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच रुजू लागले. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले ते मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत. मराठवाड्याची वाट निराळी होती. जालना निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि तिथे कारभाराची भाषा आधी फारसी, मग उर्दू. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दू माध्यम स्वीकारले आणि इंग्रजी हा विषय सक्तीचा ठेवला. घरी मराठी, कचेरीत उर्दू आणि पुस्तकात इंग्रजी अशी तिहेरी कसरत इथल्या शिकणाऱ्यांना करावी लागली. जालन्यातल्या ब्रिटिश छावणीमुळे आणि रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल येथे वसवलेल्या ख्रिस्ती वसाहतीमुळे इंग्रजीशी संबंध आला, पण तो मोजक्या लोकांपुरता. शहराच्या जुन्या भागाचे 'कदीम जालना' हे नाव आजही त्या बहुभाषी काळाची आठवण देते; कदीम म्हणजे प्राचीन.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले. मराठवाडा १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९५८ मध्ये औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले आणि १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवली जाऊ लागली. पुढे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवणारे सेमी-इंग्रजी वर्ग गावोगाव पसरले. शब्दांची गरज त्यामुळे बदलली. मराठी पाठ्यपुस्तकात 'काम' वेगळे आणि विज्ञानातले 'कार्य' वेगळे; इंग्रजीत दोन्हीला 'वर्क'. भिंतीला जोर लावून घामाघूम झालेल्या माणसाने विज्ञानाच्या भाषेत काहीच 'वर्क' केलेले नसते, हे सेमीच्या विद्यार्थ्याला मुद्दाम सांगावे लागते.

कोशांची साथ

मराठीला इंग्रजीशी जोडणाऱ्या कोशांची परंपरा दोनशे वर्षांहून जुनी आहे. विल्यम केरी यांचा मराठी-इंग्रजी कोश १८१० मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला छापला गेला. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आला आणि १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यातले शब्द साठ हजारांच्या आसपास गेले. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. नीळकंठ बाबाजी रानडे यांचा मोठा इंग्रजी-मराठी कोश १९०३ ते १९१६ या काळात भागांनी निघाला.

हे कोश अर्थासाठी अमोल आहेत, पण परक्या विद्यार्थ्याला वापर शिकवण्यासाठी निराळ्या कोशाची गरज होती. ती प्रथम आशियात ओळखली गेली. ढाक्यात शिक्षक-प्रशिक्षणाचे काम केलेल्या मायकल वेस्ट यांनी १९३५ च्या कोशात सुमारे २४ हजार नोंदींचे अर्थ अवघ्या १,४९० सोप्या शब्दांत दिले. जपानमध्ये शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांचा कोश १९४२ मध्ये टोकियोत निघाला. त्यात प्रत्येक क्रियापदापुढे कोणती रचना येते ते दाखवले होते. आजचा ऑक्सफर्डचा विद्यार्थी-कोश त्याचाच वंशज. मराठी विद्यार्थ्याला दोन्ही प्रकार हवेत: अर्थाची खात्री द्विभाषिक कोशात करावी आणि वाक्य विद्यार्थी-कोशात पाहावे.

ओळखीचे शब्द, बदललेले अर्थ

मराठीत मुरलेले इंग्रजी शब्द मदत करतात, तसे चकवतातही. 'ग्लास' मूळचा काचेचा, पण मराठी घरात तो स्टीलचा असतो. 'हॉटेल' मराठीत चहा-भज्यांचे, इंग्रजीत मुक्कामाचे. 'लाइट गेली' म्हणजे वीजपुरवठा गेला, 'मोटर' म्हणजे विहिरीवरचा पंप आणि परीक्षेतली 'कॉपी' म्हणजे नक्कल करून उत्तर लिहिणे. हे मराठी शब्द म्हणून अगदी योग्य आहेत. इंग्रजीत जाताना मात्र त्यांची जुनी घरे पुन्हा पाहून घ्यावी लागतात.

दुसरा चकवा मराठी वाक्याच्या वळणाचा. मराठीत परीक्षा 'देतात', इंग्रजीत ती 'टेक' करतात. शब्दशः 'गिव्ह' वापरले तर परीक्षा घेणारा आणि देणारा यांची अदलाबदल होते. शंका विचारायची असताना 'डाउट' म्हटले की इंग्रजी ऐकणाऱ्याला त्यात अविश्वास वाटतो. तिथे 'क्वेश्चन' हवा. 'विषयावर चर्चा'मधल्या 'वर'मुळे 'डिस्कस' या क्रियापदापुढे नको असलेले 'अबाउट' येते. 'तिच्याशी लग्न'मधल्या 'शी'मुळे 'मॅरिड'पुढे 'टू'च्या जागी 'विथ' येते. 'लागणे' हे एक क्रियापद भूक, ठेच, आग, वेळ आणि दार या सगळ्यांना पुरते. इंग्रजीत प्रत्येकाची सोय वेगळी. उलट मामा, काका, मावसा यांना इंग्रजीत एकच 'अंकल', आणि आतेभावापासून मावसबहिणीपर्यंत सगळे 'कझिन'. कोणत्या जागी मराठी बारीक आहे आणि कोणत्या जागी इंग्रजी, हे समजणे हाच शब्द शिकण्याचा मोठा भाग आहे.

उच्चार आणि स्पेलिंग

देवनागरीत लिहून घेतलेला उच्चार सुरुवातीला आधार देतो, पण तिथेच थांबता येत नाही. 'बॅट' आणि 'बॉल' यांतले स्वर मराठीत इंग्रजी शब्दांबरोबर आले; २००९ च्या शासननिर्णयाने 'ॲ' आणि 'ऑ' यांना वर्णमालेत स्थान मिळाले. 'व्हरायटी' लिहिताना मराठी 'व्ह' वापरते, त्यामुळे उच्चारात नसलेला 'ह' येतो. 'पेन' असे लिहिले की लेखणी आणि वेदना हे दोन्ही इंग्रजी शब्द एकसारखे दिसतात.

आघाताकडे सहसा दुर्लक्ष होते. 'प्रोड्यूस'मध्ये पहिल्या अवयवावर जोर दिला तर ते नाम, म्हणजे शेतमाल. दुसऱ्यावर दिला तर क्रियापद, म्हणजे पिकवणे. 'रेकॉर्ड'चेही तसेच. मराठीत आघात अर्थ बदलत नाही, म्हणून कान त्याकडे वळवावा लागतो, आणि त्यासाठी शब्द मोठ्याने वाक्यात म्हणणे हाच उपाय.

किती शब्द, आणि ते टिकतात कसे

इंग्रजीतले शब्द लाखोंनी असले तरी सगळे सारख्या कामाचे नसतात. वेस्ट यांनी १९५३ मध्ये सुमारे दोन हजार अतिवापराच्या शब्दांची यादी प्रसिद्ध केली. साधारण इंग्रजी मजकुराचा सुमारे ऐंशी टक्के भाग अशा दोन हजार शब्दकुटुंबांत, म्हणजे मूळ शब्द आणि त्याची रूपे मिळून होणाऱ्या गटांत, येतो. उच्च शिक्षणाच्या पुस्तकांसाठी ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये ५७० शब्दकुटुंबांची यादी दिली. वर्तमानपत्र किंवा कादंबरी विनासायास वाचायला आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबे लागतात, असा नेशन यांचा २००६ चा हिशेब आहे. म्हणून पहिले दोन हजार पक्के करणे, पुढे आपल्या विषयाचे शब्द घेणे आणि उरलेले वाचनातून मिळवणे हा क्रम शहाणपणाचा ठरतो.

विसरण्याचाही अभ्यास झाला आहे. हरमान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये दाखवले की नवे पाठांतर पहिल्या काही तासांतच झपाट्याने ओसरते. एका रात्रीत पाच वेळा लिहिण्यापेक्षा तोच शब्द आज, उद्या, आठवड्याने आणि महिन्याने भेटला तर तो टिकतो. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये यासाठी चिठ्ठ्यांच्या खोक्याची युक्ती सांगितली. आलेल्या शब्दाची चिठ्ठी पुढच्या कप्प्यात जाते आणि उशिरा तपासली जाते. न आलेली मागे येते आणि लवकर. वहीच्या पानांच्या चिठ्ठ्या आणि बुटांचे खोके यावर हे जमते.

शिकवण्याच्या पद्धती

महाराष्ट्रात अनेक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. तिचे बळ मराठी-इंग्रजी वाक्यांची तुलना हे होते. बोलण्याचा सराव ही तिची उणीव. स्वातंत्र्यानंतर वाक्यरचनांच्या क्रमवार सरावावर भर आला आणि १९५८ मध्ये हैदराबादला इंग्रजी अध्यापनाची केंद्रीय संस्था स्थापन झाली. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या शाळांत कृतीतून भाषा शिकवण्याचा प्रयोग केला. वेळापत्रक वाचणे, नकाशा पाहून वाट शोधणे अशी कामे करताना भाषा आपोआप वापरात येते, हा त्याचा गाभा होता. बियाण्याची चिठ्ठी, बाजार समितीच्या भावांचा फलक आणि बसचे वेळापत्रक ही जालन्यातली तशीच साधने आहेत.

या सगळ्यातून निष्पन्न होते ते असे. मराठी हा इंग्रजी शब्द शिकण्यातला अडथळा नाही. बरोबरचे चिन्ह घालून थांबणे हा अडथळा आहे. 'उतारा' शब्दाचे पाच अर्थ न चुकता वापरणाऱ्या मुलाकडे शब्दाची संगत ओळखण्याची बुद्धी आधीपासून आहे. ती इंग्रजीकडे वळवणे हे शिक्षकाचे काम. त्यासाठी शब्दाच्या वहीत अर्थाशेजारी आणखी तीन रकाने हवेत: शब्द जिथे भेटला ते वाक्य, त्याच्या सोबत येणारे दोन शब्द आणि विद्यार्थ्याने स्वतःच्या घराविषयी, शेताविषयी किंवा गावाविषयी केलेले एक वाक्य. दिवसाला दहा शब्दांऐवजी तीनच घ्यावेत, पण हे रकाने भरल्याशिवाय पान उलटू नये.